वरची कवळी, खालची कवळी

माणसाला दोन जबडे असतात आणि दोघांनी मिळून चालवलं तरच घास चावला जातो. एवढी साधी गोष्ट ज्या घराला कधी कळली नाही, त्या घराचा धंदा कवळ्या बनवण्याचा होता. दातांच्या डॉक्टरांनी तोंडाचं माप घेऊन इथे पाठवायचं आणि इथून आठवड्याभरात गुलाबी हिरड्यांत बसवलेले पांढरे दात डबीत घालून परत जायचे. त्या भागातली निम्मी म्हातारी माणसं या घरच्या दातांनी जेवत होती. घरातली माणसं मात्र एकमेकांवर दातओठ खाण्यातच गुंतलेली.

घर चालवायच्या वहिनी. या घरच्या सूनबाई. डॉक्टर, त्यांचे मदतनीस, समोरचा किल्लीवाला, कुरियर आणणारा, सगळे त्यांना वहिनीच म्हणत. त्यांच्या नवऱ्याला सख्खा, चुलत, मावस असा एकही भाऊ नव्हता, पण ते विचारतो कोण? उंचीनं बेताच्या, नखांत कायम गुलाबी पावडर, चष्म्याची एक काडी दात बसवायच्या मेणानं चिकटवलेली. तोंड फटकळ होतं, पण ते त्या मनातल्या मनात चालवायच्या. मनातली भाषा जर बाहेर पडली असती तर घर केव्हाच वेगळं झालं असतं.

घरात पुरुष तीन आणि पक्षही तीन. सासऱ्यांचा पक्ष जुना. एके काळी त्याच्या सभांना मैदानं पुरत नसत. आता त्याची सभा एका बाकावर मावते आणि तरी बाकावर जागा उरते. नवऱ्याचा पक्ष सत्तेवरचा. त्यानं नवऱ्याला भागातल्या व्यापारी मंडळाचं उपाध्यक्षपद दिलं होतं, म्हणजे समारंभात दुसऱ्या रांगेतली खुर्ची आणि छातीवर लावायला एक बिल्ला. तेव्हापासून ते घरातही उपाध्यक्षासारखे वागायचे. पाणी मागतानासुद्धा आधी घसा खाकरायचे. मुलाचा पक्ष अजून यायचा होता. त्याचं सगळं राज्य फोनमध्ये. चोविशीतले हे चिरंजीव पलंगावर पडून, एका अंगठ्यानं, दिवसातून तीनदा व्यवस्था उलथून टाकायचे आणि मग 'आई, चहा' म्हणायचे. वहिनींनी मनात या पक्षांची नावं ठेवली होती: होता पक्ष, आहे पक्ष आणि येणार पक्ष. त्यांचं स्वतःचं मत कुणाला, हे त्यांना कुणी विचारलं नाही. तिघंही ते आपल्याच पारड्यात धरून चालले होते.

सासरे आणि उपाध्यक्ष, या बापलेकांचं बोलणं बंद झालं त्याला दशक उलटून गेलं होतं. निवडणुकीचे दिवस. सासरे खिडकीजवळ बसून मेणात दात लावत होते आणि रस्त्यावरून प्रचाराची गाडी गेली. भोंग्यातून आवाज आला, "ज्यांनी तीस वर्षं नुसत्या घोषणा दिल्या, त्यांना आता घरी बसवा!" आवाज पोटच्या पोराचा होता. सासरे तर घरीच बसलेले होते, तरी त्यांना ते लागलं. त्या दिवसापासून त्यांनी मुलाशी अक्षर काढलं नाही. मुलगाही काही कमी नव्हता. 'मी काय त्यांचं नाव घेतलं होतं का?' एवढंच धरून बसला. एक माफी, एक 'जाऊ दे रे', एवढ्यानं मिटणारी गोष्ट; पण दोघांनाही तत्त्वं होती. ज्या घरात दोन माणसांना तत्त्वं असतात तिथे तिसऱ्याला राबावं लागतं.

धंदा तर एकत्र होता. मग त्यांनी वाटणी केली, आणि अशी केली की ऐकणाऱ्यानं कपाळाला हात लावावा. शेत वाटतात, दुकान वाटतात. यांनी जबडा वाटला. वरची कवळी सासऱ्यांनी करायची, खालची उपाध्यक्षांनी. जगात कुठेही दोन्ही कवळ्या एकाच हातानं लागतात, कारण वरचा दात खालच्या दातावर टेकायचा असतो. इथे घराच्या तळमजल्यावर दोन खिडक्यांखाली दोन टेबलं, एकाची पाठ दुसऱ्याकडे, आणि मधे स्टुलावर वहिनी. वरचा साचा या टेबलावरून घ्यायचा, खालचा त्या टेबलावरून, दोन्ही बिजागरीच्या यंत्रात बसवायचे, उघडझाप करून बघायची, कुठे उंच, कुठे आखूड ते दोन्हीकडे सांगायचं. शेवटी चिरंजीव मागच्या मोटरीवर पॉलिश करायचे, कानात गाणी घालून. दारावर चिकटवलेला त्यांच्या पक्षाचा कागद वडिलांनी नखानं खरवडून काढला, तेव्हापासून त्यांनीही वडिलांशी अबोला धरला होता. अबोला हीच काय ती त्या घराची वडिलोपार्जित इस्टेट.

बोलायचं ते सगळं वहिनींच्या मार्फत. सासरे म्हणायचे, "सूनबाई, त्याला सांग, तुझ्या साहेबांनी देश विकायला काढलाच आहे, निदान प्लास्टर तरी नीट कालव म्हणावं." वहिनी चार पावलं जायच्या आणि सांगायच्या, "अहो, बाबा म्हणतायत, प्लास्टरमध्ये बुडबुडे राहतायत." मग तिकडून उपाध्यक्ष, "त्यांना सांग, जग कुठल्या कुठे गेलं, ह्यांचं घड्याळ अजून मोर्च्यातच अडकलंय." वहिनी परत चार पावलं. "बाबा, ते म्हणतात, घाई नाही, सावकाश होऊ द्या." लोक ध चा मा करतात, वहिनींनी इतकी वर्षं मा चा ध केला. गंमत म्हणजे दोघांनाही स्वच्छ ऐकू यायचं. खोली केवढी, आवाज केवढे! पण निरोप आल्याशिवाय ते आपण ऐकलंच नाही असं धरायचे, आणि निरोप गोड आला की तोच खरा मानायचे. सोयीचं तेवढं ऐकायचं हे राजकारणात मुरलेल्या माणसांना शिकवावं लागत नाही.

पुढे वहिनी निरोप नुसते धुऊन देण्यावर थांबल्या नाहीत, नवेही शिवून देऊ लागल्या. एकदा सासरे रुसून दोन दिवस जेवले नाहीत. वहिनी वैतागून म्हणाल्या, "बाबा, ते विचारत होते, तुमचा गुडघा कसा आहे." उपाध्यक्षांना बापाला गुडघा आहे हेही आठवत नसावं. पण म्हातारा जेवला. मग रोज सकाळी, उपाध्यक्ष टेबलाशी येण्याआधी, हा निरोप जाऊ लागला, आणि सासरे फिरायला गेले की उलट टपालानं उपाध्यक्षांनाही, "बाबा म्हणतायत, दमला असशील, आधी जेवून घे." उपाध्यक्ष हुं करायचे, पण त्या दिवशी जरा हळू आवाजात बातम्या लावायचे. यात वहिनींचा काही थोरपणा होता असं समजू नये. भांडण निस्तरायला जन्म गेला असता. खोटं बोलायला चार पावलं पुरत होती.

तर अशा या वहिनींना डॉक्टरबाईंनी नोकरी देऊ केली. डॉक्टरबाई म्हणजे या घराचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. त्यांनी मोठा दवाखाना काढला होता, वर स्वतःची कवळ्यांची प्रयोगशाळा. "वहिनी, ती तुम्ही सांभाळा," त्या म्हणाल्या. "चार मुली हाताखाली देते. महिनाअखेरपर्यंत सांगा, नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

वहिनी त्या दिवशी घरी आल्या त्या हवेत चालत. या घरात त्यांना कधी पगार नव्हता. सासऱ्यांनी जन्मभर कामगारांच्या हक्कांवर भाषणं दिली, पण सून म्हणजे काही कामगार नव्हे. त्यांना ती नोकरी हवी होती. हवी म्हणजे इतकी, की भांडी घासताना त्या त्या चार मुलींना मनातल्या मनात शिकवायला लागल्या. आणि तरी हो म्हणवेना. आपण स्टुलावरून उठलो तर हे घर उभं राहणार नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. उद्या गुडघा कोण विचारणार? त्यांनी घरात कुणाला सांगितलंच नाही.

तेवढ्यात धाकट्या बहिणीचं ऑपरेशन निघालं आणि वहिनींना आठवडाभर तिच्याकडे जावं लागलं. जाताना त्यांनी तिघांनाही बजावलं, "मास्तरांची कवळी आहे. मी येईपर्यंत थांबा, नाहीतर एकमेकांना विचारून करा." मास्तर म्हणजे उपाध्यक्षांना शाळेत शिकवलेले मास्तर. नातीचं लग्न ठरलं होतं आणि लग्नात चार घास नीट चावून खायचे, नातीच्या शेजारी उभं राहून दात दाखवून हसायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

थांबायला वेळ नव्हता, लग्न तोंडावर आलेलं. मधे एकदा कच्ची कवळी तोंडात बसवून बघायची रीत असते, तीही घाईत गाळली गेली. राहिलं विचारणं. ते तर शक्यच नव्हतं.

झालं असं, की मास्तरांच्या चाव्याचं मेण, म्हणजे वरचा आणि खालचा जबडा किती अंतरावर मिटतात ते दाखवणारी मेणाची पट्टी, खिडकीत उन्हाला राहिली आणि बसकी झाली. सासऱ्यांच्या ते लगेच लक्षात आलं. उभी हयात दात लावण्यात गेलेली, बोटांना कळतं. पट्टी बसली आहे, उंची कमी पडणार. ते मनाशी म्हणाले, त्या आंधळ्याला हे दिसणार आहे का? आणि कमी पडलेली सगळी उंची त्यांनी वरच्या कवळीत भरून काढली. अगदी बरोबर भरून काढली. संध्याकाळी सासरे फिरायला गेल्यावर उपाध्यक्षांनी मेण उचललं. त्यांच्याही लक्षात आलं. ते मनाशी म्हणाले, म्हाताऱ्याला आता दिसत नाही. आणि तीच सगळी उंची त्यांनी खालच्या कवळीत भरून काढली. तीही अगदी बरोबर.

दोघं निष्णात, दोघांचंही बरोबर, आणि मिळून झालेलं काम असं की ते तोंडात घालून जगात कुणालाही तोंड मिटता येऊ नये.

पॉलिशला आलं तेव्हा चिरंजीवांना शंका आली. दोन्ही कवळ्या एकमेकींवर धरल्या तर यावर ओठ मिटणार कसे, असा प्रश्न त्यांना पडला. पण आजोबांना सांगावं तर ते भाषण देणार, वडिलांना सांगायचं तर अबोला मोडणार. त्यांनी कवळीचा फोटो काढला, 'जुनी पिढी आणि तिचं काम' असं वर लिहून फोनवर टाकला, झाडून सगळ्या मित्रांनी त्याला पसंतीचे अंगठे दिले, आणि कवळी आरशासारखी चकचकीत करून पोचवून आले. नंतर म्हणाले, माझ्याकडे फक्त पॉलिश होतं.

नातीच्या लग्नाच्या एकूण एक फोटोत मास्तर थक्क झालेले दिसतात. नवरा मुलगा समोर आला, थक्क. व्याही भेटले, थक्क. जेवणाच्या ताटापुढे तर भयंकरच थक्क. बिचाऱ्यांनी लाजेनं कवळी काढली नाही. एक घासही गिळता आला नाही. नात निघाली तेव्हा म्हातारा उघड्या तोंडानं रडला. दुसऱ्या दिवशी डबी डॉक्टरबाईंच्या टेबलावर आपटली गेली आणि डॉक्टरबाईंनी या घरी फोन केला. "एक तर हे आत्ताच्या आत्ता निस्तरा, नाहीतर माझं काम बंद."

वहिनी त्याच दुपारी परतल्या. पिशवी खाली ठेवायच्या आत तीन तोंडं एकदम सुरू झाली.

"सूनबाई, तू इथे असतीस तर हे झालं नसतं," सासरे म्हणाले.

"बाबा म्हणतात ते बरोबर आहे," उपाध्यक्ष म्हणाले.

वहिनी पिशवीसकट उभ्याच राहिल्या. 'बाबा म्हणतात ते बरोबर आहे' हे वाक्य त्या घरात इतक्या वर्षांत उच्चारलं गेलं नव्हतं.

"आई, तसं बघितलं तर," चिरंजीव कानातलं काढून म्हणाले, "सगळा संवाद तुझ्याकडे होता. त्याची काहीतरी व्यवस्था लावून जायला हवी होतीस."

"पोरगं शहाणं आहे," असं सासरे म्हणाले आणि उपाध्यक्षांनी मान डोलावली. झाला सर्वपक्षीय ठराव. देश कुणी विकला, कुणी घडवला, कुणी वाचवायचा, यावर ज्यांचं जन्मात जुळलं नाही, त्या तिघांचं वहिनींचं चुकलं यावर चहा गार व्हायच्या आत एकमत झालं.

वहिनींना राग आला, आणि या वेळी तो मनात मावला नाही. "बहिणीच्या पोटाला टाके घातलेत," त्या म्हणाल्या. "ती कशी आहे, हे तिघांपैकी एकानं तरी विचारा."

कुणी विचारलं नाही.

त्या रात्रीचा स्वयंपाक वहिनींनी केला नाही. सकाळी त्या मास्तरांकडे गेल्या, पाया पडल्या, नवं माप घेतलं आणि दोन्ही कवळ्या आपल्या हातानं केल्या. सासऱ्यांनी एकदा सवयीनं वरच्या साच्याला हात घातला, तर म्हणाल्या, "ठेवा तो खाली, बाबा." त्यांनी ठेवला. डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात मास्तरांच्या तोंडात ती कवळी बसली, तोंड मिटलं, आणि मास्तर पहिल्यांदा जे बोलले ते असं: "त्या गाढवांना सांग, मी नातीच्या लग्नात उपाशी राहिलो." हा एक निरोप मात्र वहिनींनी घरी जसाच्या तसा पोचवला.

डॉक्टरबाईंना त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. घरी जेवताना सांगितलं, पहिल्या तारखेपासून मी जाणार.

उपाध्यक्षांचा घास हातातच राहिला. "मंडळात काय तोंड दाखवू मी? उपाध्यक्षाची बायको नोकरी करते?" सासरे म्हणाले, "मालकाच्या दारात उभं राहायचं? पिळवणूक करतात ते लोक, पिळवणूक!" आणि उष्टं ताट तसंच टाकून उठले, कारण ते उचलणारी होती. चिरंजीवांच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात स्त्रियांवर एक अख्खं पान होतं. त्यांनी आईचं मनापासून अभिनंदन केलं. म्हणाले, "एकदम भारी, आई. पण मग डब्याचं काय?"

पहिली तारीख उजाडली. वहिनींनी केस विंचरले, पर्स घेतली आणि खाली आल्या. तिघंही आपापल्या जागी होते. मधलं स्टूल रिकामं. त्या दाराकडे निघाल्या तेव्हा सासऱ्यांनी हाक मारली. एव्हाना म्हातारा जरा निवळला होता.

"जा तू खुशाल," ते म्हणाले. "इथली काळजी करू नकोस. तो आहे ना. वरून ताठ आहे, बोलणार नाही, पण आतून माया आहे त्याला. रोज सकाळी माझा गुडघा विचारल्याशिवाय साच्याला हात लावत नाही. मला तेवढं बास आहे."

वहिनींचा पाय उंबऱ्यावर थबकला. 'हो बाबा' एवढं म्हटलं असतं की काम झालं असतं, आणि बस चुकली नसती. पण उद्या सकाळी गुडघा कोण विचारणार होतं? परवा? म्हातारा वाट बघत बसणार, आणि चार दिवसांनी समजणार की पोरानं तेवढंही सोडलं. त्यांना म्हाताऱ्याची दया आली आणि या सगळ्याचा मनस्वी कंटाळाही आला. दोन्ही एकदमच.

"बाबा," त्या म्हणाल्या, "ते कधीच विचारत नव्हते. मी विचारत होते."

सासऱ्यांनी हातातलं मेण खाली ठेवलं.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही. आणि तुम्हीही त्यांना, दमला असशील, जेवून घे, असं कधी म्हणाला नाहीत. तेही मीच."

पलीकडच्या टेबलाशी उपाध्यक्ष प्लास्टर कालवत होते. त्यांचा हात थांबला. मागची मोटर बंद झाली आणि चिरंजीव दाराशी येऊन उभे राहिले. सासरे हळूहळू खुर्चीत वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांची पाठ मुलाकडे नव्हती. दोन टेबलांत चार पावलांचं अंतर.

"सूनबाई," ते म्हणाले, आणि बोट मुलाकडे केलं. "विचार त्याला. एवढ्या वर्षांत एकदा तरी विचारावंसं वाटलं होतं का? विचार."

उपाध्यक्षांचे डोळे भरून आले होते. खोटं कशाला सांगा, खरोखर भरून आले होते. हातातल्या वाटीत प्लास्टर घट्ट होत चाललं होतं आणि त्यांना भान नव्हतं. त्यांनी घसा खाकरला, पण आवाज उपाध्यक्षाचा निघाला नाही.

"सांग त्यांना," ते बायकोला म्हणाले. "रोज वाटायचं."

आणि दोघंही वहिनींच्या तोंडाकडे बघत राहिले.

"त्यांना ऐकू येतं," वहिनी म्हणाल्या, आणि चपला घालून कामावर गेल्या.